जागेपणी झालेल्या हाताच्या दोन शस्त्रक्रिया

हाताच्या लहान शस्त्रक्रियेत दुखते कुठे, असे कोणी मला विचारले तर 'चिरताना' असे उत्तर मी देणार नाही. माझ्या दोन्ही हातांची कार्पल टनेलची शस्त्रक्रिया केवळ जागा बधिर करून झाली आणि दोन्ही वेळा कातडी कापल्याचे मला कळलेसुद्धा नाही. उजव्या हाताच्या वेळी जो त्रास झाला, तो सुई टोचताना, औषध आत जाताना, दंडाला आवळलेल्या पट्ट्याखाली आणि तोंडावरून ओढलेल्या कापडाखाली झाला. डाव्या हाताच्या वेळी हे सगळे जवळजवळ नाहीसे झाले आणि त्यासाठी कोणतेही महागडे यंत्र किंवा नवे औषध लागले नाही. हा फरक कशाने पडला, हे मला समजले तेवढे नीट लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते, कारण स्थानिक भुलीखाली हाताची शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या बहुतेकांना 'थोडं सहन करा' एवढेच सांगितले जाते आणि तेही बिचारे सहन करतात.

मी साताऱ्यात कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असे. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत रात्री हाताला मुंग्या येऊन जाग यायला लागली. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू बधिर व्हायची, करंगळी मात्र चांगली असायची. हात झटकला की थोडा वेळ बरे वाटायचे. मनगटाशी हाडांच्या कमानीवर एक जाड आडवा पट्टा असतो आणि त्याखालच्या अरुंद वाटेतून, म्हणजे कार्पल टनेलमधून, बोटे वाकवणारे नऊ टेंडन (स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि मीडियन नर्व्ह ही नस तळहातात उतरतात. ती वाट आवळली की आधी नस तक्रार करते. मला मधुमेह आहे आणि मधुमेहींमध्ये हे दुखणे अधिक आढळते. नसेतून संदेश नीट जातो का ते पाहणारी नर्व्ह कंडक्शनची तपासणी झाली, रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट लावून झाला, एक स्टेरॉइडचे इंजेक्शनही झाले आणि अखेर पट्टा कापून नस मोकळी करण्यावाचून गत्यंतर उरले नाही. उजवा हात जास्त बिघडला होता, म्हणून त्याची शस्त्रक्रिया आधी ठरली.

त्या रुग्णालयाबद्दल किंवा शल्यचिकित्सकांबद्दल माझी कसलीही कटुता नाही. शस्त्रक्रिया उत्तम झाली, मुंग्या गेल्या, खडू पुन्हा हातात ठरायला लागला. तरीही जे घडले ते जसेच्या तसे सांगते.

आदल्या रात्रीपासून उपाशी राहायला सांगितले होते. भूल फक्त तळहाताला द्यायची होती, पण नियम सगळ्यांना एकच. मधुमेहाची सकाळची गोळी घेऊ नका असे फोनवर कळले. माझा क्रमांक दुपारी आला आणि तोपर्यंत डोके भणभणायला लागले होते. दुसऱ्या हाताला सलाईनची सुई लावली होती, तिथे आधी दोनदा शीर सापडली नव्हती. शस्त्रक्रियागृहात एसीची थंडी, पातळ गाऊन, कानाशी यंत्राची टिकटिक आणि माझ्या चेहऱ्यावरून टाकलेले हिरवे कापड. श्वासाला अडचण नव्हती, नळीने ऑक्सिजनही दिला होता, पण आपलाच गरम श्वास आपल्या तोंडावर परत येत राहतो तेव्हा मन शांत राहत नाही. बाहेर काय चालले आहे ते दिसत नव्हते. फक्त आवाज येत होते.

मग 'थोडं टोचेल हं' असे म्हणत सुई आली. टोचणे सोसवले असते. खरी आग लागली ती औषध आत जाऊ लागल्यावर. तळहाताच्या मुळाशी कोणीतरी निखारा दाबून धरावा तशी ती जळजळ पसरत गेली, आणि पसरत असतानाच सुई पुढे सरकत होती, म्हणजे अजून बधिर न झालेल्या जागेत पुन्हापुन्हा शिरत होती. पुन्हा बाहेर काढून दुसरीकडे, मग तिसरीकडे. मी हात मागे घेऊ नये म्हणून एका सिस्टरने तो धरून ठेवला होता. दोन-तीन मिनिटांत सगळे बधिर झाले, हे खरे. परंतु त्या दोन-तीन मिनिटांची आठवण माझ्या मनात बाकी सगळ्या शस्त्रक्रियेपेक्षा मोठी झाली आहे.

यापुढची गोष्ट पट्ट्याची. रक्तदाब मोजायला दंडाला गुंडाळतात तशाच जातीचा, पण अधिक रुंद व भक्कम असा हा हवेचा पट्टा असतो; त्याला टूर्निके म्हणतात. हातातले रक्त वर पिळून काढून मग पट्ट्यात हवा भरतात, दाब साधारण २५० मिलिमीटर पाऱ्याइतका ठेवतात आणि शस्त्रक्रिया संपेपर्यंत तो उतरवत नाहीत. हवा भरण्याजोगा असा पट्टा हार्वी कुशिंग या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी १९०४ साली वापरात आणला आणि हाताच्या शस्त्रक्रियेला त्याने मोठा हात दिला, यात वाद नाही. रक्ताने भरलेल्या जागेत बारीक नस ओळखता येत नाही आणि ओळखता आली नाही तर ती कापली जाण्याची भीती असते. प्रश्न इतकाच की भूल तळहाताला दिलेली असते आणि पट्टा दंडाला असतो. दंडाला कोणतीही भूल नसते.

पहिली काही मिनिटे नुसता दाब होता. मग दंडाखाली बोथट ठणका सुरू झाला, तो कोपरापर्यंत उतरला, आणि पुढे सगळा हात जड, सुजल्यासारखा, आतून तापल्यासारखा वाटायला लागला. हे दुखणे एका जागी बोट ठेवून दाखवता येत नाही. हात थोडा हलवला तर बरे वाटेल असे सारखे वाटते आणि नेमके तेच करायचे नसते, कारण समोर नसेजवळ धारदार पाते असते. 'हलू नका, झालंच, पाच मिनिटं,' असे मला सांगितले जात होते. यंत्रावरचा रक्तदाब वाढू लागला तशी भूलतज्ज्ञांनी सलाईनमधून काहीतरी दिले, मला गुंगी आली, पण ठणका गुंगीच्या आतही चालूच राहिला. पट्टा सोडल्यावर हातात एकदम गरम रक्त धावले आणि बोटांना इतक्या मुंग्या आल्या की दुखण्याचा हा शेवटचा हप्ता चुकवल्यावरच मला सुटल्यासारखे वाटले. संध्याकाळी घरी आले तेव्हा डॉक्टरांनी काय काय सांगितले होते त्यातले निम्मे मला आठवत नव्हते. गुंगीतच सांगितले होते ना.

डावा हात करायची वेळ आली तेव्हा मी टाळाटाळ करत राहिले. मुंग्यांनी रात्ररात्र झोप नसायची, अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा किंचित बसू लागला होता, आणि तो पूर्ण बसला तर गेलेली ताकद परत येईलच असे नाही, हे मला ठाऊक होते. मुलगी पुण्यात असते. तिने आग्रह करून मला तिथल्या एका हाताच्या तज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे नेले. त्यांनी हात तपासला, अहवाल वाचले आणि मग विचारले, 'उजव्या हाताच्या वेळी काय काय दुखलं, ते क्रमाने सांगा बरं.' हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मी सगळे सांगितले. त्यांनी कागदावर एकाखाली एक लिहून घेतले आणि म्हणाल्या, 'यातलं बहुतेक सगळं टाळता येतं. काही गोष्टी तर होऊच द्यायच्या नाहीत.'

त्या ज्या पद्धतीने करतात तिला वालांट म्हणतात: रुग्ण पूर्ण जागा, भूल स्थानिक आणि पुरेशी लांबवर पसरलेली, आणि टूर्निके मुळीच नाही. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतातील सेंट जॉन शहराचे शल्यचिकित्सक डोनाल्ड लालोंड यांनी ही पद्धत बारकाईने बांधली आणि जगभर शिकवली. पट्टा नाही तर रक्ताचे काय, हा प्रश्न मी लगेच विचारला. उत्तर होते अ‍ॅड्रिनलिन. भुलीच्या औषधात १ लाखात १ भाग अ‍ॅड्रिनलिन मिसळले की त्या जागेच्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तस्राव इतका कमी होतो की पट्ट्याची गरज उरत नाही.

इथे मी अडखळले, कारण माझा धाकटा दीर डॉक्टर आहे आणि 'बोटांत अ‍ॅड्रिनलिन कधीही द्यायचं नाही, बोट काळं पडतं,' हे वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलेले होते. डॉक्टरबाईंनाही विद्यार्थिदशेत तेच शिकवले होते. मग त्यांनी जे सांगितले ते ऐकून माझ्यातली रसायनशास्त्राची शिक्षिका सावरून बसली. बोटे गमावल्याच्या ज्या जुन्या नोंदींवर तो नियम उभा आहे त्या बहुतांशी १९५० च्या आधीच्या, प्रोकेन या भुलीच्या जुन्या औषधाच्या काळातल्या. प्रोकेन हे एस्टर आहे. कुपीत पडून राहिले की त्याचे पाण्याने विघटन होते आणि द्रावण अधिकाधिक आम्लधर्मी होत जाते. १९४८ साली अमेरिकेत पीएच १ इतके उतरलेल्या प्रोकेनच्या साठ्यांबद्दल इशारा द्यावा लागला होता. पीएच १ म्हणजे प्रयोगशाळेत आम्ही ज्या बाटलीला हात लावताना विद्यार्थ्यांना दोनदा बजावतो तेवढे आम्ल. ते बोटासारख्या बंदिस्त जागेत टोचले तर पेशी मरणारच, त्याला अ‍ॅड्रिनलिनची गरज नाही. आता भुलीसाठी वापरतात ते लिग्नोकेन मात्र एस्टर नाही, अमाइड आहे. ते स्वीडनमध्ये निल्स लोफ्ग्रेन यांनी १९४३ साली तयार केले, १९४८ साली झायलोकेन या नावाने बाजारात आले आणि ते असे विघटित होत नाही. लालोंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हात व बोटांत अ‍ॅड्रिनलिनसह भूल दिलेल्या सलग ३,११० रुग्णांची पाहणी २००५ साली प्रसिद्ध केली. त्यात एकाही रुग्णाचे बोट गेले नव्हते. शिवाय रक्तवाहिन्यांचे आकुंचन उलटवणारे फेन्टोलामीन हे औषध हाताशी ठेवता येते. त्या पाहणीत ते एकदाही द्यावे लागले नाही.

हे सगळ्यांना चालते असे मात्र त्यांनी सांगितले नाही. ज्यांच्या बोटांचा रक्तपुरवठा आधीच खराब आहे, त्यांच्या बाबतीत त्या अ‍ॅड्रिनलिन टाळतात. ज्यांना जागेपणी हाताला पातेही लागू द्यायचे नाही, त्यांच्यावर ही पद्धत लादत नाहीत. माझ्या बोटांचा रंग, नखांखाली रक्त किती चटकन परतते, नाडी, हे सगळे त्यांनी पाहिले. माझे वजन विचारले. अ‍ॅड्रिनलिनसह लिग्नोकेनची मर्यादा दर किलोला ७ मिलिग्रॅम. माझ्यासाठी ती ४०० मिलिग्रॅमच्या आसपास येत होती आणि लागणार होते १ टक्क्याचे २० मिलिलिटर, म्हणजे २०० मिलिग्रॅम. हा हिशेब मी त्यांच्यासमोरच केला आणि त्यांनी तो आनंदाने तपासला.

जळजळीची गोष्ट निघाली तेव्हा त्या म्हणाल्या, 'बाई, तुम्हाला पीएच मी काय सांगायचा!' तरीही त्यांनी सांगितले आणि मी पहिल्यांदाच हा विचार केला की आपल्या हाताला लागलेली ती आग आपल्याच विषयातली होती. अ‍ॅड्रिनलिन मिसळलेल्या लिग्नोकेनच्या कुपीचा पीएच ४ च्या आसपास असतो, कारण अ‍ॅड्रिनलिन उदासीन द्रावणात हवेने लवकर खराब होते आणि आम्लात टिकते. शरीराचा पीएच ७.४. पीएचची पट्टी लॉगॅरिदमची असल्यामुळे हा फरक हायड्रोजन आयनांच्या मापात हजारपटीहूनही मोठा होतो. उपाय अगदी साधा आहे: १० मिलिलिटर औषधात ८.४ टक्के सोडियम बायकार्बोनेट १ मिलिलिटर मिसळायचे, तेही टोचण्याच्या थोडेच आधी. ८.४ टक्के कशासाठी, हे मला कोणी सांगावे लागले नाही; सोडियम बायकार्बोनेटचा रेणुभार ८४, म्हणजे ते बरोबर १ मोलर द्रावण झाले. आम्ल कमी झाल्याने जळजळ कमी होतेच, शिवाय लिग्नोकेनचा विद्युतभार नसलेला भाग वाढतो, आणि नसेच्या आवरणातून तोच भाग आत जातो, म्हणून बधिरपणाही लवकर येतो. ज्या रुग्णालयात आपत्कालीन औषधांचा ट्रे आहे तिथे हे बायकार्बोनेट असतेच. इतकी स्वस्त, इतकी जवळची वस्तू वापरात नसावी याचे मला वाईट वाटते, आणि ते मी लपवत नाही.

ठरलेल्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखे पोहे खाल्ले, मधुमेहाची गोळी घेतली आणि गेले. सलाईन नाही, गाऊन नाही. स्वतःच्याच कपड्यांवर एक स्वच्छ झगा. भूल द्यायला त्यांनी मला आडवे केले. बसलेल्या माणसाला सुई बघून घेरी येते आणि घेरीची भीती आडवे असताना खूप कमी होते, हे त्याचे कारण. गुडघ्यांखाली उशी दिली, पांघरूण घातले. सिस्टरने विचारले, 'काकू, पाय गार नाहीत ना?' आणि माझ्या होकाराची वाट पाहिली.

त्यानंतरची पाच-सहा मिनिटे मी डोळे उघडे ठेवून पाहिली. सुई २७ गेजची, जाडी जेमतेम ०.४ मिलिमीटर. डॉक्टरबाईंनी मनगटाच्या घडीजवळची कातडी चिमटीत धरून वर उचलली आणि सुई तिरकी न धरता काटकोनात आत सरकवली. चिमटीचा दाब जाणवत असताना टोचणे कमी जाणवते. दाबाच्या संवेदना वेदनेची वाट अडवतात, असे मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ साली मांडले होते आणि लहान मुलाला लागले की आपण ती जागा चोळतो तेही याचसाठी. टोचल्याचे मला कळले, पण बारीक. अर्धा मिलिलिटर औषध सोडून त्या थांबल्या. हात पूर्ण स्थिर, सिरिंज दोन्ही हातांनी धरलेली.

'आता सुई अजिबात हलणार नाही. टोचल्याची जाणीव पूर्ण गेली की मला सांगा.'

मी अर्ध्या मिनिटाने 'गेली' म्हणाले. तेव्हा कुठे त्यांनी दट्ट्या पुन्हा दाबायला सुरुवात केली, इतकी हळू की सिरिंजमधले औषध उतरताना दिसत नव्हते. कातडीखाली एक मऊ फुगवटा तयार झाला आणि सुईच्या पुढे पुढे सरकू लागला. त्याच्याबरोबर तळहाताचा गुलाबी रंग मावळून पांढुरकी छटा पसरत गेली. त्यांचा नियम असा की औषध आधी जायचे, सुई मागून. बधिर झालेल्या भागाच्या पुढे सुईचे टोक कधी जाऊच द्यायचे नाही, म्हणून पुढचा फुगवटा सेंटीमीटरभर लांब झाल्याशिवाय त्या सुई हलवत नसत. दुसऱ्यांदा टोचायची वेळ आली तेव्हा ती सुई पांढऱ्या पडलेल्या जागेतच घातली आणि ती शिरल्याचे मी पाहिले म्हणून कळले. पहिल्या टोचणीनंतर कुठेही दुखले तर लगेच सांगायचे असे मला बजावले होते. दुखले तर तो माझा कमकुवतपणा मानला जाणार नव्हता, उलट आपला हात किती हळू चालला पाहिजे हे त्यांना त्यावरून कळणार होते. प्रत्येक रुग्णाला पहिल्या टोचणीखेरीज आणखी किती वेळा दुखले याची त्या वहीत नोंद ठेवतात. मला पुन्हा सांगावे लागले नाही.

नंतर मला बाहेरच्या खोलीत बसवले. अ‍ॅड्रिनलिनचा पूर्ण परिणाम व्हायला सुमारे २५ मिनिटे लागतात, आणि ही वाट पाहणे हाच या पद्धतीचा कणा आहे असे डॉक्टरबाई म्हणाल्या. दोन मिनिटांत पाते लावले तर भूल आलेली असते, पण रक्त थांबलेले नसते, आणि मग पट्टा लागतोच. तेवढ्या वेळात त्या आत दुसऱ्या रुग्णाचे काम करत होत्या, म्हणजे वेळ फुकटही जात नव्हता. बसल्या बसल्या माझी छाती थोडी धडधडू लागली, उजव्या हाताची बोटे थरथरली. हे मला आधी सांगितलेले नसते तर मी घाबरून सिस्टरला हाक मारली असती आणि मधुमेहाची साखर उतरली म्हणून सगळ्यांची धावपळ झाली असती. पण 'काहींना अ‍ॅड्रिनलिनने जरा धडधड होते, हात थरथरतो, वीसेक मिनिटांत ते जाते,' हे त्यांनी टोचण्याआधीच स्पष्ट सांगून ठेवले होते. मी चहा घेतला आणि धडधड ओसरली.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेच्या वेळी तोंडावर कापड नव्हते. हात बाजूच्या फळीवर, मध्ये एक ठेंगणा पडदा. बघायचे असेल तर पडदा खाली घेऊ, असे त्यांनी विचारले. मी आधी नको म्हणाले. प्रत्येक पायरीआधी त्या दोन शब्द सांगत होत्या: आता दाब जाणवेल, आता ओढल्यासारखे वाटेल, आता मनगटातला पट्टा कापताना बारीक करकर कळेल, पण दुखणार नाही. स्थानिक भूल वेदना घालवते, स्पर्शाचा दाब आणि ओढ पूर्णपणे घालवत नाही, आणि ज्याला हे ठाऊक नाही तो प्रत्येक ओढीला आता दुखणार म्हणून अंग आखडून घेतो. उजव्या हाताच्या वेळी माझे तेच झाले होते. या वेळी ओढ येणार हे माहीत होते, ती आली आणि गेली. मध्येच त्यांनी बोटे मिटून उघडायला सांगितली. मग मी धीर करून पडदा खाली घ्यायला सांगितला. जखम आश्चर्य वाटावे इतकी कोरडी होती. आत मऊ, फिकट पिवळसर नस होती, आणि मनगटातला तो पट्टा जिथे आवळत होता तिथे ती स्पष्ट चपटी झालेली दिसत होती. इतकी वर्षे मला झोपेतून उठवणारी हीच ती, एवढेच माझ्या मनात आले.

टाके घालता घालता त्यांनी मला पुढच्या सूचना दिल्या आणि मी पूर्ण शुद्धीत असल्यामुळे त्या मला आजही तोंडपाठ आहेत. पहिले दोन-तीन दिवस हात हृदयापेक्षा उंच ठेवायचा. बोटे हलवायची, पण ज्याने दुखते ते काम करायचे नाही. दुखणे हीच सूचना समजायची आणि ती गोळ्यांनी पुसून काम रेटायचे नाही. पहिली पॅरासिटामॉल मात्र भूल उतरण्याआधीच घ्यायची, कारण ठणका सुरू झाल्यावर त्याच्या मागे धावणे कठीण. भूल चार-पाच तासांनी हळूहळू उतरली. रात्री मी झोपले आणि मुंग्यांनी उठले नाही.

साताऱ्याला परतल्यावर माझ्या जाऊबाईंच्या ट्रिगर फिंगरचा विषय निघाला. त्यांचे मधले बोट मिटल्यावर अडकायचे आणि दुसऱ्या हाताने ओढून कट्कन सरळ करावे लागायचे. शस्त्रक्रिया ज्यांनी माझा उजवा हात केला त्याच डॉक्टरांकडे ठरली होती. जाऊबाई मला म्हणाल्या, 'तुम्ही चला हो बरोबर, मला नाही विचारता येणार.' मी बरोबर गेले. बायकार्बोनेट मिसळता येईल का, औषध टोचल्यावर अर्धा तास थांबता येईल का, तोंडावरचे कापड बाजूला ठेवता येईल का, सकाळी खाऊन आले तर चालेल का, हे प्रश्न मी कागदावर लिहून नेले होते. मला थोडी धास्ती होती की त्यांना राग येईल. त्यांनी कागद हातात घेऊन शांतपणे वाचला आणि माझ्या उजव्या हाताच्या वेळी पट्ट्याचा इतका त्रास झाला होता का, असे विचारले. मी हो म्हणाले. ते म्हणाले की वालांटबद्दल परिषदेत ऐकले आहे, एकदोनदा करूनही पाहिले आहे. ट्रिगर फिंगर त्यासाठी चांगली शस्त्रक्रिया आहे. पट्टा दंडाला सैल गुंडाळून ठेवतो, पण हवा भरणार नाही. रक्तामुळे दिसेनासे झाले तरच भरू.

भरावी लागली नाही. बोटाच्या मुळाशी टेंडनला धरून ठेवणारी कडी मोकळी केल्यावर, टाके घालण्याआधी, त्यांनी जाऊबाईंना बोट मिटून उघडायला सांगितले. ते किंचित अडकले. कडीचा एक अरुंद भाग राहिला होता, तो त्यांनी कापला आणि पुन्हा सांगितले. या वेळी बोट न अडखळता सरळ झाले. जाऊबाई पूर्ण भुलीत असत्या, किंवा दंडावरच्या पट्ट्याने बोटे हलेनाशी झाली असती, तर तो राहिलेला भाग तेव्हा कळला नसता, असे डॉक्टरांनीच मला बाहेर येऊन सांगितले.